दुसरी चाबी

हे मी आजपर्यंत कोणाजवळच बोलली नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही — अन् ती तं अशी आहे, की माहा चेहरा पाहूनच सांगते आज काय बिनसलं. तिच्यापासूनही लपवलं. तुम्हाले काहून सांगून राहिली? तुम्ही मले ओळखत नाही म्हणून असेल. पण आधी मी कोण आहो ते ऐका. ते ऐकल्याशिवाय मी काय केलं, हे तुम्हाले समजणार नाही.

मी पांढुर्ण्याची. बाजाराच्या मागच्या गल्लीत माहं दुकान आहे, आठ बाय दहाचं. लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर हिशोबाचं सॉफ्टवेअर बसवून देणं, ते शिकवणं, अन् त्याले पासवर्ड लावून देणं — हे माहं काम. आता पांढुर्णा जिल्हा झाला, नवीन पोरं काचेची दुकानं टाकून बसली, तरी पासवर्डाचं काम निघालं की माणूस माह्याच दारात येते. माहे बाबा दुसऱ्याच्या बगिच्यात संत्र्याचा तोडा करत. आई लोकांचा कापूस वेचे. ज्या घरांच्या मागच्या दारानं माही आई मजुरी घ्याले जाये, त्या घरांच्या पुढच्या खोलीत आज मले खुर्ची देतात, अन् आपला सारा जमाखर्च माह्यासमोर उघडून ठेवतात. मी हे गर्वानं सांगून राहिली. काहून सांगू नये?

तुम्ही म्हणाल, घरच्या हिशोबाले पासवर्ड कशाले लागते? अहो, दुकानाच्या हिशोबापेक्षा घरचाच हिशोब जास्त झाकाचा असते. कोणत्या बहिणीले गुपचूप काय दिलं, कोणत्या दवाखान्यात कशासाठी गेले, पेन्शनीतले किती बाजूले काढले — सारं त्यात असते. भावाले दिसू नये, सुनेले दिसू नये, मेव्हण्याले तं बिलकुलच नाही. माह्या आधी इथं पासवर्ड म्हणजे काय होता? गाडीचा नंबर. अर्ध्या पांढुर्ण्याच्या फाइली मोटरसायकलची पाटी वाचून उघडल्या असत्या. मी लोकांले शिकवलं — नाव नाही, जन्मतारीख नाही, देवाचं नाव तं मुळीच नाही. फक्त तुम्हालेच माहीत आहे असं काही आठवा, त्यात आकडे मिसळा, अन् कागदावर लिहू नका.

अन् मंग माही ती रीत. ती तं आता साऱ्या भागात माहीत झाली. माणूस पासवर्ड टाकाले बसला की मी उठून उभी राहते, ओढणी डोक्यावर घेते, अन् त्याच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करते. समोर कॅलेंडर असलं तं कॅलेंडर पाहाचं, नसलं तं भिंत पाहाची. टाका, म्हणते. तो एक-एक बटन दाबते, दोन वेळा टाकते, मंग म्हणते, झालं ताई. तेव्हाच मी वळते. अन् वळून दर वेळी एकच गोष्ट सांगते — आता ही चाबी तुमच्या डोक्यात राहीन. विसरले तं मीही काही करू शकत नाही.

माहं नाव झालं ते सौसरच्या एका गोष्टीनं. तिथल्या एका व्यापारी घरात दोन भावांची वाटणी निघाली. मोठ्या भावाच्या घरची फाइल मी बसवून दिली होती. लहाना भाऊ बाजाराच्या दिवशी चार माणसं घेऊन माह्या दुकानात आला, कॉम्प्युटरच उचलून आणला होता. म्हणे, उघडून दे, पाहिजे ते घे. बाहेर ही गर्दी जमली. मी म्हटलं, "भाऊ, मी बसवलं तरी मलेही उघडत नाही. पासवर्ड तुमच्या दादाच्या डोक्यात आहे, तिकडे जा." तो ओरडला, त्यानं माहा स्टूल लाथेनं उडवला. मी समोरच्या टपरीवर चहा सांगितला — त्याच्यासाठी नाही, माह्यासाठी — अन् त्याच्यासमोर बसून पिली. शेवटी गेला कॉम्प्युटर घेऊन.

त्या दिवसापासून रामाकोन्याहून, सौसरहून, कुठून कुठून लोक येऊ लागले. कोणालेच उघडून देत नाहीत त्या ताई कुठं बसतात, असं म्हणून पत्ता विचारत. मजुराच्या पोरीच्या शब्दाची एवढी किंमत — तुम्हाले सांगू, त्या वर्षी मी रस्त्यानं चालतानाही वेगळीच चालत होती.

आता सांगते.

मले उघडता येत होतं. अर्ध्या मिनिटात.

सॉफ्टवेअर बसवताना सगळ्यात आधी मी एक मालक तयार करत होती, म्हणजे सारं उघडू शकणारं एक नाव, जे यादीत दिसत नाही. त्याचा पासवर्ड माहा. साऱ्या कॉम्प्युटरवर एकच — कोणता, ते आजही सांगणार नाही. त्याच्यानंतर मी घरवाल्याचं नाव टाकाची, अन् मंग उठून, ओढणी घेऊन, भिंतीकडे तोंड करून उभी राहाची. पाठ फिरवाच्या आधीच माही चाबी आत गेलेली असे. मंग पाठ फिरवली काय अन् नाही फिरवली काय?

सुरू कशी झाली ही दुसरी चाबी, तं पहिल्याच वर्षी एक मास्तरीणबाई आपला पासवर्ड विसरली अन् तिचा तोवर लिहलेला सारा हिशोब गेला. माह्यासमोर ढसढसा रडली. मी ठरवलं, आता असं होऊ द्याचं नाही. ठरवलं ते चांगलंच होतं. पण मंग ते सांगाचं राहिलं, अन् सौसरच्या त्या दिवसानंतर सांगाची सोय उरली नाही. मीच तं पन्नास माणसांसमोर म्हटलं होतं, मलेही उघडत नाही.

पण एक ऐकून घ्या. त्या चाबीनं मी कोणाची फाइल उघडली नाही. इतकी वर्षं, इतकी घरं — ज्यांच्याशी माहं भांडण झालं त्यांचीही नाही, ज्या बाईनं माह्या आईले एकदा अंगणातूनच वापस पाठवलं होतं तिचीही नाही. चाबी हातात असून कुलपाले हात न लावणं सोपं नसते. मले त्याचा गर्व होता. आजही आहे. एकच फाइल सोडून.

ती तिगावच्या काकांची.

काका रेल्वेत गेटमन होते, रिटायर झालेले. घरामागं संत्र्याची वीस-पंचवीस झाडं, बायको वारलेली, घरात एकटे. कॉम्प्युटर त्यांच्या लेकीच्या कॉलेजसाठी घेतलेला होता. लेकीनं, सुनंदानं, आपल्या मर्जीनं लग्न केलं अन् नागपूरले गेली. त्या दिवसापासून काकांनी तिचं नाव तोंडातून काढलं नाही. कॉम्प्युटरवर कपडा टाकून ठेवला होता. मंग दोनेक वर्षांनी मले बोलावलं, म्हणे, बंद राहून खराब होते, याच्यावर काही लिहाचं बसवून दे. मी घरच्या हिशोबाचं बसवून दिलं. एका बोटानं टाइप करत, पण शिकले. मी त्यांले दोन गोष्टी पाठ करून घेतल्या — रोजचं रोज लिहाचं, अन् जो खर्च झाला नाही तो लिहाचा नाही.

पासवर्ड टाकाची वेळ आली तेव्हा मी सहज विचारलं, "काका, घरात एकटेच तं आहा, पासवर्ड कोणापासून?" ते म्हणाले, "एकटा आहो म्हणूनच, बाई. मेल्यावर लोक येतात." मी ओढणी घेतली अन् भिंतीकडे तोंड केलं. मागं त्यांचं एक बोट टकटक करत राहिलं, बराच वेळ.

चार हिवाळ्यांआधी काका गेले. महिन्याभरानं सुनंदा माह्या दुकानात आली. ऑटोतून कॉम्प्युटरचा डबा उतरवून तिनं स्वतःच आत आणला, टेबलावर ठेवला, अन् बसली. सरळ पोरगी. म्हणे, "ताई, पैसे-बिसे काही पाहाचे नाहीत मले. शेजारच्या काकू सांगतात, बाबा रोज संध्याकाळी घंटाभर याच्यावर लिहत बसत. दुधा-किराण्याचं लिहाले घंटाभर लागते काय? माह्याबद्दल एखादी ओळ आहे का, तेवढंच पाहून द्या. चांगली असो का वाईट. राग गेला होता की नाही, एवढंच मले पाहिजे."

मी माहं नेहमीचं सांगितलं. मलेही उघडत नाही. ती म्हणाली, माहीत आहे ताई, साऱ्यांनी सांगितलं, तरी दोन दिवस ठेवून पाहा. अन् ठेवून गेली.

त्याच दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं, मी शटर अर्धं खाली केलं अन् उघडली. काहून उघडली? तिच्यासाठी उघडली असं म्हटलं असतं तं किती बरं झालं असतं. पण नाही. मलेच पाहाचं होतं — त्या चूप माणसानं घंटाभर काय लिहलं असेल.

दूध होतं, गॅस होता, बीपीची गोळी होती. पण प्रत्येक नोंदीपुढं शेऱ्याची जी जागा असते, जिथं लोक फार तं एखादा शब्द टाकतात, तिथं काका बोलत होते. दुधात पाणी. गॅसवाल्यानं वरचे मागितले, दिले नाही. आज गुडघा चांगला. अन् खात्यांच्या यादीत, किराणा अन् औषधाच्या खाली, एक खातं होतं — सुनंदा.

आमच्याकडे ज्यांच्या घरी बगीचा आहे, त्यांच्या घरून पहिल्या तोड्याची एक पेटी लेकीच्या सासरी जाते. मोठा बगीचा असो का दहा झाडं असो, पहिली पेटी लेकीची. माह्या बाबांनी अशा किती लेकींच्या पेट्या डोक्यावर वाहून स्टेशनावर नेल्या असतील. आमचा बगीचा नव्हता, म्हणून मले कधी आली नाही, पण ती रीत मले चांगली माहीत आहे.

सुनंदाच्या खात्यात सात नोंदी पेटीच्या होत्या. दर वर्षी एक. त्या मले तोंडपाठ आहेत, तुम्हाले जशाच्या तशा सांगते.

संत्रा पेटी, एक, लेकीची. तिगाव स्टेशनावर नेली. गाडी आली. चढवली नाही. वापस.

पुढच्या वर्षी — पेटी, एक, लेकीची. गाडी आली, गेली. वापस. शाळेत वाटली.

त्याच्या पुढं — पेटी, एक. ओळखीच्या माणसाजवळ देत होतो. त्यानं विचारलं कोणाले द्याची. बोलता आलं नाही. वापस.

असं सात वर्षं. ज्या माणसानं सारी जिंदगी त्याच रुळावर फाटक उघडलं अन् लावलं, त्याले एक पेटी डब्यात ठेवता येत नव्हती. मी वाचत होती अन् माह्या डोळ्यातलं पाणी कीबोर्डवर पडत होतं. खोटं नाही सांगत. अन् सगळ्यात शेवटी, काका जाण्याच्या दीडेक महिन्याआधी, एक आठवी नोंद होती. रेल्वे भाडं, नागपूर, जाणं-येणं. अगाऊ. पुढच्या तोड्याले पेटी घेऊन स्वतः जातो. आता राग नाही, लाज आहे.

जो खर्च झाला नाही तो लिहाचा नाही, हे मीच त्यांले शिकवलं होतं. साऱ्या फाइलीत त्यांनी ती चूक एवढ्या एकाच जागी केली होती.

मी फाइल बंद केली. त्याच्याआधी तिची एक नक्कल पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. काहून घेतली, ते तेव्हाही समजलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकाचं होतं. हो ना. मीही तेच म्हटलं स्वतःले, दोन दिवस म्हटलं. दुसऱ्या चाबीचं सांगाचीही गरज नव्हती — काकांनी मले पासवर्ड सांगून ठेवला होता, असं एक लहानसं खोटं बोलली असती तरी झालं असतं. सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण मंग सौसरच्या त्या लहान्या भावाच्या कानावर गेलं असतं, की ताईजवळ लोक पासवर्ड ठेवतात. तो पुन्हा आला असता. लोक म्हणाले असते, म्हणजे ताई पाठ फिरवते ते नाटक आहे. अन् ते नाटकच होतं ना? एका बाजूले त्या पोरीचा बाप होता, दुसऱ्या बाजूले माहं नाव. मी दोन दिवस विचार केला असं म्हणते, पण खरं सांगू? ठरलेलं पहिल्याच घंट्यात होतं.

तिसऱ्या दिवशी सुनंदा आली. मी म्हटलं, नाही उघडत.

इथंच थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण ती तशीच बसून राहिली, अन् विचारलं, "तुम्हाले काय वाटते ताई, लिहलं असेल का काही?" अन् मी — त्या साऱ्या ओळी डोक्यात असताना, त्याच खुर्चीत बसून — म्हटलं, "घरच्या हिशोबात कोणी मनातलं लिहत नाही, बाई. दूध-किराणाच असेल."

ती म्हणाली, "हो. मलेही तसंच वाटलं होतं."

मंग उठली, डबा उचलला. दारात थांबून म्हणाली, बाबांची गोष्ट तुम्ही राखली, मी लेक असून मलेही उघडून दिली नाही, असं इमानदारीचं काम आता कोण करते. मी मान हलवली. नाही म्हणून हलवली असं तिले वाटलं असेल, मोठ्या मनाची माणसं हलवतात तशी. अन् मले, लाज वाटाच्या जागी, काय वाटलं? बरं वाटलं. छाती भरून आली. हे मी तुम्हालेच सांगून राहिली.

ही गोष्ट तिनं नागपूरले सांगितली, तिगावले सांगितली. लेकीलेही उघडून दिली नाही — सौसरच्या गोष्टीपेक्षा ही मोठी झाली. त्या वर्षी माहं काम दुप्पट झालं. दुकानाले नवीन फरशी लागली ती त्याच वर्षीची. लोकांले ती फरशी फार आवडते.

मी म्हणू शकते, की काकांलेच कोणी वाचावं असं वाटत नव्हतं. मेल्यावर लोक येतात, असं ते स्वतः म्हणाले होते. मेलेल्या माणसाचा शब्द राखला, असं सांगितलं तं चांगलं दिसते. पण मी वाचून बसली होती ना. ज्याले कोणी वाचू नये असं वाटत होतं, त्याचं एका परक्या बाईनं वाचलं, अन् जिच्यासाठी लिहलं होतं तिले सांगितलं, दूध-किराणा आहे.

दुसरी चाबी मी अजून बसवते. परवाच एका घरी बसवली. मंग ओढणी घेतली, भिंतीकडे तोंड केलं, म्हटलं, टाका. मले चांगलं येते हे काम, पूर्ण जिल्ह्यात माह्याएवढं कोणालेच येत नाही. पेन ड्राइव्ह गल्ल्याच्या खालच्या खणात आहे, रबर लावून. कॉम्प्युटरचा तो डबा सुनंदानं भंगारात देऊन टाकला.

काकांची झाडं आता तिच्याकडे आहेत. ती तोड्याच्या वेळी नागपूरहून येते, अन् जाताना माह्या दुकानावर थांबते. पहिल्या वर्षी तिनं एक पेटी आणून टेबलाखाली सरकवली. मी म्हटलं, हे काय आणलं बाई? ती हसून म्हणाली, "पहिल्या तोड्याची आहे, ताई. आमच्याकडे ही लेकीची असते. मले तं कधी आली नाही. तुम्ही तरी खा."

दर वर्षी आणते. यंदा चौथी होती. संत्री गोड होती, एकही फोड मी वाया जाऊ दिली नाही.